‘‘घोरतो का हा?’’

दुसरीतल्या माझ्या मुलाला घेऊन मी डॉक्टरीणबाईंकडे गेले होते, ते खरं तर टॉनिक मागायला. वर्गात पेंगतो, चिडचिड करतो, शुद्धलेखनात मात्रा-वेलांट्या खातो, अशी डायरीत तीनदा तक्रार आली होती. तिसऱ्या वेळी बाईंनी ‘आळशी’ हा शब्दच लिहिला होता. मला वाटलं, रक्त कमी असेल, नाहीतर जंत झाले असतील. डॉक्टरीणबाईंनी त्याला ‘आ’ करायला लावलं, बॅटरी मारून घसा बघितला आणि हा प्रश्न विचारला.

मी हसलेच. ‘‘घोरतो ना! बापावर गेलाय. सासूबाई म्हणतात, कशी गाढ झोप लागते पोराला.’’

त्या हसल्या नाहीत. ‘‘तोंड उघडं ठेवून झोपतो? मध्येच श्वास अडकल्यासारखा थांबतो आणि मग दचकून मोठा श्वास घेतो?’’

मैत्रिणींनो, तो तसा थांबायचा. मी रोज ऐकायचे, त्याला कुशीवर वळवायचे आणि परत झोपायचे. टॉन्सिल्स आणि नाकामागच्या अ‍ॅडेनॉइडच्या गाठी सुजून श्वासाची वाट अडते, मुलाची झोप रात्रभर तुटत राहते आणि दिवसा त्याचं लक्ष लागत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मोठी माणसं अशा वेळी पेंगतात, पण मुलं पुष्कळदा उलटी वागतात. ती जास्त वळवळ करतात, हट्टी होतात, म्हणून तर कोणाला संशय येत नाही. ‘आळशी’ शब्दाची ती डायरी मी अजून फेकलेली नाही.

साध्या तपासणीत हा प्रश्न विचारायचा, हे कोणीतरी ठरवलं असणार ना? मी शोधायला लागले आणि एक नाव सापडलं, कॅरोल मार्कस. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गला डॉक्टर झालेली ही बाई अमेरिकेत गेली आणि मुलांच्या झोपेतल्या श्वासाचा तिने आयुष्यभर अभ्यास केला. फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयात ती झोपेच्या विभागाची प्रमुख होती. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2012 साली सुधारित नियमावली काढली, त्या समितीचं नेतृत्व तिच्याकडे होतं. त्यातली पहिलीच सूचना अशी की, मूल नेहमीच्या तपासणीला आलं की ते घोरतं का, हे विचाराच. एवढीशी ओळ! पण ती लिहिण्याआधी काय काय वाचावं, मोजावं, भांडावं लागलं असेल, ते तिलाच ठाऊक.

पुढच्याच वर्षी, 2013 मध्ये, एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच्या अहवालावर पहिलं नाव तिचं. पाच ते नऊ वर्षांची 464 मुलं घेतली. निम्म्यांचं टॉन्सिल-अ‍ॅडेनॉइडचं ऑपरेशन लवकर केलं, निम्म्यांना सात महिने नुसतं देखरेखीखाली ठेवलं. ऑपरेशन झालेल्यांपैकी 79 टक्के मुलांची झोपेची तपासणी नॉर्मल आली, वागणंही सुधारलं. मात्र लक्ष देण्याच्या चाचणीत दोन्ही गटांत फारसा फरक पडला नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. आणि गंमत बघा, ऑपरेशन न केलेल्यांपैकीही 46 टक्के मुलांची तपासणी आपोआप नॉर्मल झाली! म्हणजे घोरतो म्हटलं की लगेच सुरी, असं नाही. डॉक्टर ‘थोडं थांबू’ म्हणाले तर ती टाळाटाळ नसते. आमच्याकडे मात्र श्वास फारच अडत होता, त्यामुळे ऑपरेशन करावं लागलं. मार्कसबाई 2017 साली गेल्या.

या शाखेत बायका किती पुढे आहेत, हे पाहून मला नवल वाटलं. त्यातल्या सगळ्या काही डॉक्टर नाहीत. मेरी कार्स्केडन मानसशास्त्र-संशोधनातल्या. 1976 साली स्टॅनफर्ड विद्यापीठात त्यांनी मुलांसाठी उन्हाळी शिबिर सुरू केलं. शिबिर कसलं, तर झोपेचं! मुलांनी दिवसा खेळायचं आणि रात्री डोक्याला तारा लावून दहा तास अंथरुणात राहायचं. तीच मुलं दर उन्हाळ्यात परत यायची. मूल मोठं होईल तशी झोप कमी लागेल, अशी सगळ्यांची समजूत. निघालं भलतंच. वयात येणारी पोरंही सव्वानऊ तासांच्या आसपास झोपत राहिली, आणि तेवढं झोपूनही दिवसा आधीपेक्षा जास्त पेंगुळलेली दिसली. पुढे प्रॉव्हिडन्स शहरात त्यांनी दाखवलं की, वयात येताना शरीरातलं घड्याळच पुढे सरकतं, झोपेची वेळच उशिरा होते. आपण मात्र ‘मोबाइलमुळे जागतो’ म्हणून ओरडतो. मोबाइल आहेच, पण नुसता मोबाइल नाही.

त्याच गावात ज्युडिथ ओवेन्स नावाच्या बालरोगतज्ज्ञही काम करत होत्या. 2014 साली बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने जाहीर केलं, की मोठ्या मुलांच्या शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरू नयेत. ते निवेदन लिहिण्यात ओवेन्स पुढे होत्या. 2019 साली कॅलिफोर्नियात तसा कायदा झाला आणि 2022 पासून तो लागू झाला. आपल्याकडेही फेब्रुवारी 2024 मध्ये सरकारने आदेश काढला, की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. माझं आपलं मत सांगते. चिमुकल्यांची सोय झाली ते उत्तमच, पण संशोधन जास्त बोलतं ते आठवी-नववी-दहावीच्या मुलांबद्दल. ती पोरं पहाटे पाचच्या क्लासला सायकल मारत जातात, त्यांचं काय?

ओवेन्स यांनी डॉक्टरांसाठी प्रश्नांची एक सोपी पद्धतही बसवली. झोपायला त्रास देतं का, दिवसा पेंगतं का, रात्री उठतं का, झोप रोज ठरल्या वेळी आणि पुरेशी होते का, आणि घोरतं का? हे पाच प्रश्न आपण आयाही घरी विचारू शकतो. पुरेशी म्हणजे किती? तर सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास, तेरा ते अठराला आठ ते दहा. मला हा आकडा वाचून धक्काच बसला. आमच्याकडे रात्रीची मालिका संपल्याशिवाय पोरांचं अंथरूणच पडत नव्हतं.

यावर जोडी मिंडेल या मानसशास्त्रज्ञांचा 2010 चा अभ्यास आहे. 17 देशांतल्या 29,287 तान्ह्या आणि चिमुकल्यांची माहिती त्यांनी गोळा केली, त्यात भारतही होता. न्यूझीलंडची मुलं साडेसातच्या आत झोपतात, हाँगकाँगची सव्वादहानंतर. एकूण आशियातली मुलं उशिरा झोपतात, कमी झोपतात आणि बहुतेक आईवडिलांच्या खोलीतच झोपतात. शेजारी झोपण्यात मला काही चूक वाटत नाही. उलट म्हणूनच तर घोरणं ऐकू येतं!

आता ज्यांची लेक सायन्सला आहे त्यांच्यासाठी. अमेरिकेत 2007 पासून झोपेच्या वैद्यकाची एक परीक्षा आहे, तिला बालरोग, कान-नाक-घसा, मेंदूविकार अशा वेगवेगळ्या शाखांचे डॉक्टर बसतात. आपल्याकडेही वाट तीच, आधी बालरोग, कान-नाक-घसा किंवा छातीचे विकार यांत पदवी आणि मग झोपेचं प्रशिक्षण. मानसशास्त्र शिकलेल्या मुलींनाही या कामात जागा आहे, कारण न झोपणाऱ्या मुलांमध्ये बरीचशी सवयीची अडचण असते, गोळीची नव्हे.

आणि तंत्रज्ञ. तिच्याबद्दल कोणी लिहीत नाही. माझ्या मुलाची तपासणी जिल्ह्याच्या गावी नव्हती, मोठ्या शहरात जावं लागलं. तिथे एक बावीस-तेवीस वर्षांची पोरगी होती. डोक्याला तारा, छातीला आणि पोटाला पट्टे, नाकाजवळ नळी, बोटाला चिमटा. हे सगळं रडणाऱ्या मुलाला लावायचं, तेही त्याला खेळ वाटेल असं! ‘‘तू आता रोबोट,’’ म्हणाली ती. मग रात्रभर बाहेरच्या खोलीत पडद्यावर त्याचे श्वास मोजत बसली. घरचे रात्रपाळीला नाही म्हणत नाहीत का, असं मी विचारलं. ‘‘पहिले सहा महिने बाबा बाहेर बाकावर बसायचे,’’ ती म्हणाली. ‘‘आता तेच आईला सांगतात, ताई झोपलीय, कुकर हळू लाव.’’

पहाटे तिने मला पडद्यावरची एक रेघ दाखवली. वर-खाली, वर-खाली आणि मग सरळ सपाट. ‘‘इथे थांबला बघा,’’ म्हणाली. मी मनात आकडे मोजत राहिले, रेघ परत वर येईपर्यंत.

मूल घोरत असेल तर झोपेतलं त्याचं उघडं तोंड, मान, छाती दिसेल असं दोन मिनिटांचं चित्रीकरण मोबाइलवर करून ठेवा. डॉक्टरांकडे गेल्यावर तोंडी सांगण्याआधी ते दाखवा.