जुलाब, मुलें आणि पाणी

जुलाब लागलेल्या बाळास पाणी पाजलें तर जुलाब वाढतात, ही समजूत कित्येक घरांतून अजून गेलेली नाहीं. तिच्या पायीं मुलें दगावतात.

मलिक अंबरच्या नहरीनें १७ व्या शतकांत आपल्या छत्रपती संभाजीनगरास पाणी दिलें. पुढें तें पैठणच्या नाथसागरांतून येऊं लागलें. परंतु वर्षानुवर्षें तें कांहीं दिवसांच्या अंतरानें येत आल्यामुळें घरोघर सांठवावें लागलें. सांठविलेल्या पाण्यांत मळका हात बुडाला, कीं रोगजंतु आंत शिरलेच.

१८८५ सालीं एशेरिख यांनीं अर्भकांच्या मळांत एक जंतु शोधून काढला. त्याचे बहुतेक प्रकार निरुपद्रवी. कांहीं मात्र असें विष सोडतात, कीं आंतड्यांतून पाणी व क्षार वाहून जातात. शिगा यांनीं १८९८ सालीं वर्णिलेला जंतु आंतड्याचें अस्तरच पोखरतो. मग रक्त व आंव पडते.

तथापि विषाच्या माऱ्यांतही एक द्वार उघडें राहतें: साखर व मीठ जोडीनें आंत शोषलें जातें आणि पाणी त्यांच्यामागून जातें. याच आधारें १९७१ सालीं बनगांवच्या निर्वासित छावणींत डॉ. दिलीप महालनबीस यांनीं पटकीच्या रोग्यांस साखर-मिठाचें पाणी पाजून मृत्यूंचें प्रमाण शेंकडा सुमारें ३० वरून ४ च्या आंत आणलें.

तेव्हां पाणी उकळून झांकून ठेवावें व लांब दांड्याच्या ओगराळ्यानें काढावें. जुलाब होतांच ओ. आर. एस. ची पुडी, तिजवर छापलेल्या मापाच्या पाण्यांत विरघळवून, घोटघोट पाजावी. अंगावरचें दूध बंद करूं नये. डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा रक्त दिसलें, तर तत्काळ डॉक्टरांस गांठावें.