टक्कल : दोन्ही घराण्यांचा वारसा
मराठीत ‘टक्कल’ म्हणा वा कन्नडमध्ये ‘बोळु तले’, हा वारसा फक्त आजोळचा नव्हे. तो वडिलांकडूनही येतो. पुरुषांत डीएचटी या संप्रेरकामुळे केसांची मुळे हळूहळू आक्रसतात, कपाळाचे कोपरे व माथा उघडा पडतो. स्त्रियांत भांग रुंदावत जातो.

जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात अनेकांचे केस काही दिवसांतच गळाले. तो प्रकार निराळा; आनुवंशिक टक्कल वर्षानुवर्षे पडत जाते.

तेल चोळून वारसा बदलत नाही. मिनॉक्सिडिलने अनेकांची गळती मंदावते, मात्र औषध थांबताच लाभ ओसरतो. म्हणून जाहिरातींना भुलण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. आणि लग्न जमवताना तरी केसांवरून माणसाची किंमत ठरवू नये!