आजी परतल्यावर बाळ कोणाच्या हाती?

अमेरिकेत लेकीच्या वा सुनेच्या बाळंतपणासाठी गेलेल्या आजी-आजोबांचा मुक्काम सहसा सहा महिन्यांचा असतो. परतीची तारीख जवळ येऊ लागली, की घरात एकच प्रश्न घोळू लागतो : आता बाळाला कोण सांभाळणार? तेथील केंद्रीय कायद्याने पात्र नोकरदारांना मिळणारी रजा अवघी १२ आठवड्यांची, आणि तीही बिनपगारी. अशा वेळी 'ओ पेअर' आणि 'नॅनी' हे दोन शब्द आपल्या कानी पडतात. दोन्हींचा अर्थ 'मूल सांभाळणारी' असाच आपण घेतो. परंतु या दोन व्यवस्था मुळातच भिन्न आहेत.

ओ पेअर : घरात राहणारी पाहुणी

'बरोबरीच्या नात्याने' असा या फ्रेंच शब्दाचा आशय. सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या व्हिसावर परदेशातून आलेली १८ ते २६ वर्षांची ही तरुणी वर्षभर, मुदत वाढल्यास दोन वर्षे, कुटुंबात राहते. तिला स्वतंत्र खोली, जेवण, साप्ताहिक भत्ता आणि शिक्षणासाठी साहाय्य द्यावे लागते. दिवसाला १० आणि आठवड्याला ४५ तासांहून अधिक काम तिला सांगता येत नाही. तीन महिन्यांखालील बाळ एकट्या तिच्यावर सोपवता येत नाही. मूल दोन वर्षांखालील असेल, तर तिला शिशुसंगोपनाचा किमान २०० तासांचा अनुभव असावा लागतो.

नॅनी : अनुभवी व्यावसायिक

नॅनीला वयाची वा मुदतीची अशी अट नसते. ती बहुधा सकाळी येते, सायंकाळी आपल्या घरी जाते. तिचे वेतन तासावर ठरते आणि कुटुंबाला मालक या नात्याने करही भरावे लागतात. त्यामुळे खर्च सहसा अधिक होतो. मात्र तान्ह्या बाळांचा दीर्घ अनुभव असलेली व्यक्ती मिळू शकते. पूर्वीच्या कुटुंबांकडे चौकशी करावी, प्रथमोपचाराचे प्रशिक्षण झाले आहे का, हे पाहावे.

निवड करताना

घरात एकच तान्हे बाळ असेल, तर अनुभवी नॅनी अधिक सोयीची. मुले दोन-तीन व थोडी मोठी असतील, घरात खोली रिकामी असेल, तर ओ पेअरचा विचार करावा. मात्र ती स्वतःच घर सोडून आलेली कोणाची तरी लेक असते. तिची काळजी वाहण्याची तयारी असेल, तरच हा मार्ग धरावा.

आणि आपण? गुडघे दुखत असताना, रक्तदाब वाढलेला असताना 'मीच आणखी राहते' असा हट्ट धरू नये. साधारण सहा ते नऊ महिन्यांच्या सुमारास बाळ अनोळखी माणसांना बुजू लागते. नेमके तेव्हाच आपले जाणे ठरलेले असते. म्हणून नवी व्यक्ती आपण असतानाच, निदान तीन आठवडे आधी, घरात यावी. प्रारंभी आपण बाळाला मांडीवर घ्यावे आणि तिने जवळ बसावे. पुढे बाळ तिच्या मांडीवर आणि आपण जवळ. शेवटी आपण दुसऱ्या खोलीत. बाळाच्या झोपेच्या व खाण्याच्या वेळा तिला लिहून द्याव्यात. बाळाला उताणे, सपाट गादीवर, उशीविना निजवण्याची तेथील शिस्त मात्र आपणही पाळावी.

निर्णय मुलांचा, बाळाचा हात नव्या हाती अलगद सोपवणे, हे मात्र आपले काम.