रतनगड ते हरिश्चंद्रगड : वाट चार दिवसांची, तयारी सहा आठवड्यांची

हिवाळा लागला की वस्तीतल्या तरुण मुलामुलींचे गडावर जायचे बेत सुरू होतात. एका दिवसाचा गड बहुतेकांनी केलेला असतो. आता रतनगड ते हरिश्चंद्रगड ही मोठी वाट चालायची, असे म्हणत मुले आम्हाला पहिला प्रश्न विचारतात, "बूट कोणते घ्यायचे?" आम्ही सांगतो, बुटांचे नंतर बघू, आधी पाण्याचे आणि रक्ताचे बघू.

डोंगर कसा आहे?

अकोले तालुक्यातले हे डोंगर ज्वालामुखीतून घडले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर साचला आणि आपला काळा पाषाण तयार झाला. त्यामुळेच इथे उभे कडे आणि पायऱ्यांसारखे टप्पे दिसतात. हा कठीण खडक पाणी फार कमी धरून ठेवतो. पावसाळ्यात धो-धो पाऊस पडतो, पण बराचसा वाहून जातो. दिवाळीनंतर ओढे आटत जातात. मग भरवसा ठेवायचा तो गडावरच्या खोदीव टाक्यांवर आणि गावातल्या विहिरींवर. त्यात दुपारी कातळ तापतो आणि घामावाटे अंगातले पाणी झपाट्याने जाते.

म्हणून नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंतच निघावे. पावसाळ्यात शिड्या आणि कातळ निसरडे होतात, धुक्यात वाट हरवते. मार्चनंतर पाण्याचे हाल होतात.

चार दिवस असे मांडा

पहिल्या दिवशी रतनवाडीहून रतनगड. दुसऱ्या दिवशी गड उतरून कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत. हा दिवस लांब आणि जंगलाचा आहे. तिसऱ्या दिवशी कुमशेतहून पाचनई आणि वर हरिश्चंद्रगड. चौथ्या दिवशी पाचनईला उतरून परत. हा भाग अभयारण्यात येतो, म्हणून मुक्कामाचे नियम वनखात्याकडे आधी विचारा. गावातला वाटाड्या घ्या आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्या. पुढचे पाणी कुठे आहे, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

आधी रक्त तपासा

सिकलसेलचा आजार पूर्व विदर्भात आदिवासींबरोबर आपल्या समाजातही बराच आढळतो. नोकरीधंद्यासाठी मुंबई-पुण्याला आलेल्या कुटुंबांतही तो सोबत आलेला असतो, पण अनेकांची तपासणी झालेली नसते. पाणी कमी पडणे, अति श्रम आणि थंडी या तिन्ही गोष्टींनी सिकलसेलच्या रुग्णाला असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो, आणि या वाटेवर तिन्ही गोष्टी एकत्र भेटतात. म्हणून 'एसएस' रुग्णाने डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय जाऊच नये. 'एएस' वाहकाला रोजच्या जगण्यात सहसा त्रास नसतो. तो जाऊ शकतो. पण त्याने शर्यत लावू नये, तहान लागायची वाट न पाहता पाणी प्यावे आणि सोबत्यांना सांगून ठेवावे. यात लपवण्यासारखे काही नाही.

मुलींनाही जरूर पाठवा. हिमोग्लोबिन मात्र सर्वांनीच तपासून घ्यावे. दोन जिने चढून धाप लागत असेल, तर आधी उपचार आणि मग गड. दमा, मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारा आणि गोळ्या दोन पिशव्यांत विभागून ठेवा.

सहा आठवडे

पहिले दोन आठवडे रोज पाऊण तास झपझप चाला. पुढचे दोन आठवडे पाठीवर पाच किलोची पिशवी घेऊन इमारतीचे जिने चढा-उतरा. उतरताना गुडघे बोलतात, म्हणून उतरण्याचाही सराव हवाच. शेवटच्या दोन आठवड्यांत रविवारी दिवसभर चाला, तेही गडावर घालायचे तेच बूट घालून. महाग बूट नकोत. तळव्याला खाचा असलेले आणि पायाला सरावलेले हवेत. नवे बूट पहिल्याच दिवशी फोड आणतात.

पिशवीत काय?

माणशी तीन लिटर पाणी. हे वजन जड वाटले तरी कमी करू नका. टाक्यातले पाणी गाळून, उकळून किंवा क्लोरीनच्या गोळीने शुद्ध करूनच प्या. ओआरएसची पाकिटे घ्या. ती नसतील तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला, चमचा चहाचा. भाकरी, कोरडी चटणी, शेंगदाणे-गूळ आणि चिवडा पुरतो. रात्री वर कडाक्याची थंडी असते. कानटोपी, स्वेटर आणि ब्लँकेट विसरू नका. मुलींनी पॅड आणि वापरलेले परत आणायला कागद व पिशवी ठेवावी.

कड्यांवर आग्या मोहोळ असते. तिथे धूर, अत्तर आणि आरडाओरडा नको. साप चावला तर कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये. तो अवयव हलू न देता माणसाला उचलून रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांक लक्षात ठेवा, पण दरीत मोबाईलला रेंज मिळेलच असे नाही. म्हणून जवळचे सरकारी रुग्णालय आणि गावातली गाडी यांची चौकशी निघण्यापूर्वीच करा. घरीही चार दिवसांचा कागद लिहून ठेवा : कोणत्या रात्री कुठे असणार आणि कधी परतणार.

कोणी अडखळत चालू लागला, असंबद्ध बोलू लागला, किंवा घाम थांबून अंग तापले, तर त्याला सावलीत आडवे करा, अंग ओले करून वारा घाला आणि मदत बोलवा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

निघण्याआधी सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवावी : चाल सर्वात हळू चालणाऱ्याची, आणि त्याने 'मागे फिरू' म्हटले की सगळे मागे फिरतील. ज्या गटाला हे मान्य नसेल, त्या गटाबरोबर आपले मूल पाठवू नका.