एका आवारात एकच नियम

नीरा नदी ओलांडून सातारा जिल्ह्यात प्रवेश करताच लागणारे शिरवळ आज औद्योगिक वसाहतीमुळे सर्वतोमुखी झाले आहे. आणि जेथे यंत्रशाळा व कचेरी एकाच आवारात नांदतात, तेथे कामाच्या वेळी खासगी कारणासाठी इंटरनेट वापरावे की नाही, हा प्रश्न केवळ शिस्तीचा न राहता न्यायाचा होतो. यंत्रावरील कामगाराने मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा हे सर्वथा रास्त, कारण क्षणभराच्या अनवधानाने त्याचा हात जायबंदी होऊ शकतो. परंतु कचेरीतील साहेबाने टेबलाशी बसून रेल्वेचे तिकीट काढले तर ती सोय, आणि कंत्राटी कामगाराने जेवणाच्या सुटीत घरचा निरोप पाहिला तर ती कसूर, हा उघड पक्षपात होय.

जोतीराव फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने जो अर्ज सरकारदरबारी केला, त्यात रविवारच्या सुटीबरोबरच दुपारच्या अर्ध्या तासाच्या विश्रांतीची मागणी होती. पुढे 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 55 नेही, पाच तासांहून अधिक काम सलग न घेता किमान अर्धा तास विसावा द्यावा, असे बंधन घातले. इतक्या सायासाने मिळालेला हा अर्धा तास कामगाराच्या मालकीचा आहे. त्यात तो मोबाइलवर काय वाचतो, याचा जाब विचारण्याचा अधिकार कोणास नाही.

कामाच्या वेळेचा मोबदला देणाऱ्या मालकाला त्या वेळेचा हिशेब मागता येतो, हेही खरे. मात्र हिशेब म्हणजे पाळत नव्हे. रुमानियातील बार्बुलेस्कू नावाच्या कर्मचाऱ्याचे खासगी संदेश वाचून त्यास बडतर्फ करण्यात आले, तेव्हा युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने 5 सप्टेंबर 2017 रोजी त्याच्या बाजूने कौल दिला, कारण देखरेखीचे स्वरूप व व्याप्ती यांची पूर्वसूचना त्यास मिळालीच नव्हती. त्याच वर्षी 24 ऑगस्टला आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला होता.

कारखान्याचे स्थायी आदेश बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेतही प्रवेशद्वाराजवळ फलकावर लावावेत, हा दंडक 1946 च्या अधिनियमाने घालून दिला. शिरवळच्या कारखानदारांनी इंटरनेटचा व देखरेखीचा नियमही असाच मराठीत, दर्शनी जागी लावावा, आणि साहेबापासून कंत्राटी कामगारापर्यंत सर्वांस तो सारखाच लागू करावा. कारण ज्या नियमापुढे हुद्दा पाहिला जात नाही, तोच नियम माणसे मनापासून पाळतात.