दहावी अडली म्हणून शिक्षण अडत नाही

दहावीचा निकाल लागला की गटाच्या बैठकीत हा विषय हमखास निघतो. "पोरगी गणितात राहिली. आता काय, स्थळं बघायची?" मुलगा असेल तर चाकणला ठेकेदाराकडे पाठवायचा. आज या दोन्हींपेक्षा वेगळी वाट सांगते.

आपल्या काळेवाडीहून चाकण, राजगुरुनगर ओलांडून गेलं की शिरूर तालुक्यात पाबळ लागतं. कोरडवाहू गाव. तिथे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. कलबाग मोठ्या कंपनीतले संशोधक. त्यांचं म्हणणं साधं होतं: हाताला काम द्या, डोकं आपोआप चालतं.

तिथे वर्षभर राहून मुलंमुली चार विभागांत शिकतात: वर्कशॉप, वीज आणि पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह आणि आरोग्य. मुलगी वेल्डिंग करते, मुलगा शिवण शिकतो. यात अभ्यास कुठे आला, असं वाटेल. लोखंडी स्टँड करायचा तर लांबी मोजावी लागते, काटकोन साधावा लागतो. चिक्की करायची तर शेंगदाणे, गूळ, गॅस, मजुरी धरून पाकिटाचा भाव काढावा लागतो. तेच नफा-तोट्याचं गणित, पण आता ते कशासाठी हे कळलेलं असतं. हिमोग्लोबिन तपासायला शिकलेली मुलगी आईला का दम लागतो, ते ओळखू शकते.

हीच पद्धत 'मूलभूत तंत्रज्ञान' या विषयातून काही शाळांत आठवी ते दहावीला आठवड्यातून एक दिवस शिकवतात. मुलं शिकता शिकता गावाची कामंही करून देतात.

मग आपण काय करायचं? एक, आपल्या शाळेत हा विषय आहे का, ते पालकसभेत विचारा. दोन, शाळेला काम द्या: गटाची मोडलेली शेगडी, मातीची तपासणी. तीन, शाळा सुटली असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. वयाची चौदा वर्षं पूर्ण झाली की दहावीला नाव घालता येतं, मराठीतूनही. एकेक विषय करत पाच वर्षांत दहावी पूर्ण करता येते. वयाला वरची मर्यादा नाही, म्हणजे ही वाट आपल्यालाही मोकळी आहे बरं का!

नापास झाला तो एक पेपर. पोर नापास झालेली नाही. स्थळ बघायच्या आधी तिला एकदा विचारा, तुला काय करायला आवडतं?