जागा की जोर? पॉलिमरचे रेणू कशाने थिजतात?

(सोलापुरातील व्याख्यानाचे शब्दांकन)

मंडळी, पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीत उकळतं पाणी ओतलं की ती आकसून वेडीवाकडी होते. ती वितळलेली नसते. बाटली फुगवून तयार करताना पीईटीचे साखळीसारखे लांब रेणू ताणले जातात आणि तसेच थिजतात. साधारण 75 अंश सेल्सिअसच्या वर त्यांची हालचाल सुटते, ते पुन्हा गुंडाळू लागतात. हे शिथिलीकरण; आणि तो उंबरठा म्हणजे काचसंक्रमण तापमान. आपल्या मे महिन्यातले 43-44 अंश त्याच्या बरेच खाली, म्हणून बाटली शाबूत राहते.

आता मुद्दा असा. तापवल्यावर दोन गोष्टी एकदम होतात. रेणूंचा जोर वाढतो, आणि पदार्थ प्रसरण पावून जागाही वाढते. मग हालचाल सुटते ती नेमकी कशामुळे? आषाढीच्या एसटीत दारापर्यंत सरकता येत नाही, ते जागा नाही म्हणून, की अंगात ढकलायचा जोर नाही म्हणून?

डूलिटल यांनी 1951 मध्ये जागेच्या बाजूने मांडणी केली. गोल्डस्टीन यांनी 1969 मध्ये ऊर्जेच्या अडथळ्यांवर भर दिला. निवाडा दाबाने होतो. नमुना तापवायचा, पण दाब वाढवून आकारमान तेवढंच ठेवायचं. जागा तीच, फक्त तापमान वेगळं! यातून एक गुणोत्तर मिळतं: 0 म्हणजे सगळा खेळ जागेचा, 1 म्हणजे सगळा तापमानाचा. सुताराच्या पांढऱ्या गोंदातल्या पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेटसाठी ते सुमारे 0.6 येतं. म्हणजे दोन्हीही, तापमान थोडं वरचढ.

2004 च्या सुमारास आणखी नेटका नियम पुढे आला. केल्विनमधलं तापमान गुणिले आकारमानाचा ठरावीक घात, एवढ्या एका संख्येवर शिथिलीकरणाचा वेळ ठरतो. या गोंदासाठी घात साधारण 2.6. म्हणून आकारमान 1 टक्का घटवलं, तर तोच वेग राखायला जवळपास 8 अंश जास्त लागतात. आणि उंबरठ्याजवळ 8 अंश म्हणजे वेगात शेकडोपट फरक! साच्यात दाबाखाली वस्तू थिजवणाऱ्याने नुसतं तापमान पाहून भागत नाही, ते यामुळे.

प्रश्न: शेतात उन्हात ठेवलेले पीव्हीसी पाइप वाकतात, तेही यामुळेच का?

उत्तर: शिथिलीकरणामुळेच, पण तिथे दाबाचा भाग नगण्य. पीव्हीसीचा उंबरठा 80 अंशांच्या आसपास. उन्हात पाइप हवेपेक्षा बराच जास्त तापतो, उंबरठ्याच्या जवळ सरकतो आणि स्वतःच्या वजनाने हळूहळू वाकतो. तेव्हा सावलीत, सपाट जागी, सगळ्या लांबीला आधार देऊन ठेवा.